चौथी चौकट

मनीष चौकटी फार देखण्या काढायचा. हातात पट्टी नसली तरी चारही कोपरे नीट जुळायचे. माझ्या चौकटी तिरक्या यायच्या आणि त्यावरून तो मला येता-जाता चिडवायचा. म्हणून आमच्या बाजाराचा पहिला आराखडा त्याच्या हातचा आहे. जुन्या कॅलेंडरच्या डिसेंबरच्या पानामागे तीन चौकटी: देणारे, घेणारे, नेणारा. त्यांना जोडणारे बाण. परवा कपाट आवरताना तो कागद हाती लागला आणि कपाट तसंच राहिलं. तीन चौकटींच्या खाली एक चौथी आहे, निळ्या शाईत, तिरकी. ती माझी. ती काढायला मला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत मी एका म्हातारीसमोर जे बोलले ते आठवलं की अजून कान गरम होतात.

साल २००९. मंदीचे दिवस. मी मूळची वसमतची, मनीष चाळीसगावचा, आणि दोघं हिंजवडीतल्या एकाच कंपनीत बेंचवर. बेंच म्हणजे पगार चालू, काम बंद, आणि रोज सकाळी आज काढतात की उद्या याचा हिशोब. मी जवळच्या जांबे गावात हैबतरावांच्या खोलीत भाड्याने राहायचे. भाताचं वावर बुजवून त्यांनी बारा खोल्या काढल्या होत्या आणि तेराव्या जागेत म्हैस होती. हैबतरावांची अट एकच. मनीष आला की दार सताड उघडं ठेवायचं. त्यामुळे आमचा आराखडा अर्ध्या जांब्याच्या आणि त्या म्हशीच्या साक्षीने तयार झाला. एवढं मोकळं कामकाज मी पुढे कुठल्याच ऑफिसात पाहिलं नाही.

कल्पना मनीषची. रविवारी आम्ही त्याच्या मोटरसायकलवरून पौडच्या रस्त्याला भटकायला जायचो. कासार आंबोलीच्या अलीकडे एका चिंचेखाली डोंगरावरच्या वाडीतल्या सात बायका करवंदं घेऊन बसायच्या. गाड्या भुर्रकन निघून जायच्या. तिकडे भुकूमला नव्या सोसायट्यांमध्ये लोक म्हणायचे, हल्ली रानमेवा मिळतच नाही. मधे फक्त दहा-बारा किलोमीटर. मनीष म्हणाला, "सुलक्षणा, इथे बाजार आहे, फक्त तो एकमेकांना दिसत नाही."

त्या बायकांची एक रीत होती. प्रत्येकीने तोडून आणलेला माल एका लुगड्यावर ओतायचा. सगळा. मग त्यांच्यातली सर्वांत म्हातारी, भिमाबाई, त्या ढिगाचे सात वाटे घालायची. बाकीच्यांनी एकेक वाटा उचलायचा आणि वाटे घालणारीने उरलेला शेवटचा घ्यायचा. मग जिने तिने आपला वाटा पानांच्या द्रोणांत भरून विकायचा. कुणी किती तोडलं हे लुगड्यावर पडलं की संपलं. मला ती रीत गोड वाटली. गावाकडे असतं तसं काहीतरी, असं वाटलं आणि मी ते सोडून दिलं. आराखड्यात ते कुठे येतं हा विचारसुद्धा शिवला नाही.

आमचं काम मात्र मी जीव ओतून केलं. अशा बाजाराची खुबी अशी की त्यात गिऱ्हाईक एक नसतं, तीन असतात. एकाची सोय केली की दुसरा रुसतो. भुकूमच्या लोकांना संध्याकाळी संगणकावर मागणी नोंदवायला आवडायचं. वाडीत संगणक सोडा, रेंजही नव्हती. अख्ख्या वाडीत एकच मोबाइल होता, शीतलच्या नवऱ्याचा, कैलासचा, आणि तो टेकाडावरच्या हिरड्याच्या झाडावर पिशवीत टांगला तरच निरोप यायचा. मग मी निरोपांची रांग केली. मागणी आली की ती रांगेत थांबून राहायची, झाडावर रेंज आली की एसएमएस होऊन उतरायची. सकाळी शीतल टेकाडावर चढायची, निरोप वाचायची, 'हो' कळवायची. शीतल तिशीची, दोन लेकरांची आई, सातवीपर्यंत शिकलेली, वाडीतली एकटी वाचणारी. दुपारी लुगडं पसरायचं, वाटे पडायचे, द्रोण भरायचे. तीन वाजता एकनाथ दुधाचा टेम्पो घेऊन खाली जाताना द्रोण उचलायचा आणि चारला भुकूमच्या सोसायटीच्या फाटकात. घेणाऱ्यांचा भाग बिघडला तरी देणाऱ्यांचं अडू नये, टेम्पो बंद पडला तरी मागणी हरवू नये, असे तिन्ही भाग मी वेगवेगळे ठेवले होते. त्या रचनेचा मला इतका गर्व होता की मी ती म्हशीलाही समजावून सांगितली असती.

एप्रिलचे ते दिवस मला अजून लख्ख आठवतात. पहिल्या दिवशी मागणी आली ती नऊ द्रोणांची. मनीष आणि मी टेम्पोच्या मागे मागे भुकूमपर्यंत गेलो, वरातीच्या मागे जावं तसं. फाटकात बायका-पोरं जमली होती. एका आजोबांनी करवंद तोंडात टाकलं आणि डोळे मिटून उभे राहिले. मनीष मला म्हणाला, "आपण हे केलं." एवढंच. आयुष्यात नंतर मी पुष्कळ मोठी कामं केली, लाखो माणसं वापरतात अशी. त्या फाटकासारखं काही पुन्हा झालं नाही.

तक्रार आली ती महिन्याभराने, मेच्या सुरुवातीला. हेमलता नावाच्या बाईंनी लिहिलं होतं: अर्धा द्रोण कच्चा, लालभडक, चिकाने ओठ चिकटले, कुणी दिली ते कळवा. मी शीतलला फोन केला. तो झाडावर असल्यामुळे तीन वेळा केला. शीतल म्हणाली, "ताई, कुनाची त्ये कसं सांगू? समदं एकात एक कालवलेलं असतंय."

माझा राग नाकावर. आमच्या बाजारात कोण काय देतं हेच माहीत नाही, मग तो बाजार कसला? चांगलं आणणारीला शाबासकी नाही आणि वाईट आणणारीला जाब नाही. मनीष म्हणाला, "एका तक्रारीवरून सगळं उलटंपालटं करू नको." मी केलं. चार दिवसांत सातही बायकांची वेगळी खाती झाली. प्रत्येकीचं नाव, प्रत्येकीचा क्रमांक. द्रोणावर क्रमांकाची चिठ्ठी. घेणाऱ्याने खाऊन तारे द्यायचे, एक ते पाच. जिचे तारे जास्त तिचं नाव वर.

वर दोन नियम मी स्वतःच्या अकलेने घातले. एकवीस दिवस जिचा माल आला नाही तिचं नाव आपोआप बंद. यादी स्वच्छ राहावी म्हणून. आणि एका नावावर दिवसाला वीसपेक्षा जास्त द्रोण आले तर ते खातं आपोआप थांबणार. कुणी व्यापारी शिरून सगळ्यांचा माल एका नावावर विकू नये म्हणून. दोन्ही नियम कागदावर इतके शहाणे दिसत होते की मनीषलाही काही बोलता आलं नाही.

सांगायला आम्ही वर गेलो. एकनाथचा टेम्पो थांबायचा तिथे, वाडीच्या पायथ्याशी, भिमाबाईच्या खोपटासमोरच त्यांची बैठक असायची. भिमाबाई लुगड्यापाशी बसून वाटे घालत होती. डोळ्यांवर पडदा आलेला, बुबुळं धुरकट, पण हात भराभर चालले होते. मी सगळं सांगितलं. बायका ऐकत होत्या. भिमाबाईने विचारलं, "आन मंग वाटं?"

"आता वाटे घालायचं काम नाही, मावशी. जिचं तिला."

तिने हात थांबवला. शीतलने विचारलं, "आन ताई, जिचा मालच न्हाई आला तर?"

"एकवीस दिवस वाट बघेल. मग नाव आपोआप बंद होईल."

एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं मी ते सांगितलं. कुणाकडे बघून सांगतेय हे पाहिलं नाही. त्या दिवशीचे वाटे पुरे झाले, भिमाबाईने शेवटचा वाटा ओटीत घेतला, लुगडं झटकलं, चार घड्या घातल्या आणि ती आत गेली.

परतताना मोटरसायकलवर मनीषने विचारलं, "भिमाबाई डोंगर चढते?"

"चढत असेल की. तिथेच तर राहते."

"तिला नीट दिसत नाही, सुलक्षणा. ती करवंदाच्या जाळीत हात कसा घालणार?"

मी त्याला म्हटलं, गाडी चालव. पण खोलीवर आले आणि ते मनातून जाईना. तिला कुणी नव्हतं. नवरा, मंगळ्या, मध काढताना कड्यावरून पडून गेला होता, मूल नव्हतं. ती जगत होती ती त्या सातव्या वाट्यावर, आणि तो वाटाच मी काढून टाकला होता. हे मला कळलं होतं, स्वच्छ कळलं होतं. पण कळणं आणि कबूल करणं यांत माझं नेहमी अंतर पडतं. मी ठरवलं, चार दिवस बघू.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर दिसलं: क्रमांक एक, भिमाबाई, सहा द्रोण. चौथ्या दिवशी सात. मला इतका आनंद झाला की मी मनीषला हाक मारून दाखवलं. "बघ, कामाला लागली म्हातारी. उगाच घाबरवत होतास." आठवड्याभरात भिमाबाईचे तारे सगळ्यांत जास्त झाले. भुकूमचे लोक लिहायला लागले, आम्हाला भिमाबाईंचीच द्यावीत. मी छाती फुगवून फिरत होते. जिला धड दिसत नाही ती बाई सगळ्यांत टपोरी करवंदं कशी वेचते, हा प्रश्न कुठल्याही शेंबड्या पोराला पडला असता. मला पडला नाही. पडद्यावर आकडा दिसत होता ना. आमच्या धंद्यातल्या माणसाचं हे असंच असतं. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं वाटतं आणि पडद्यावरचं खरं.

मग एका शनिवारी भुकूमला कुठलंसं हळदीकुंकू निघालं आणि मागणी दुपटीवर गेली. संध्याकाळी पडद्यावर लाल अक्षरं: भिमाबाई, चोवीस द्रोण, खातं थांबवलं आहे. माझा नियम लागू झाला होता. चोवीस द्रोण एका म्हातारीचे असूच शकत नाहीत, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. आणि पुढचं मी एका क्षणात जुळवलं. भिमाबाईचे तारे जास्त, तिचा माल आधी उठतो, म्हणून शीतल स्वतःचा माल तिच्या नावावर खपवतेय. एसएमएस तीच करते, वाचणारी तीच. म्हातारीला काय कळणार? मनीष गावी गेला होता. तो असता तर म्हणाला असता, आधी विचार तरी. मी रविवारी एकनाथच्या टेम्पोत बसून एकटीच वर गेले.

सगळ्या जणी द्रोण भरत होत्या. भिमाबाई खोपटासमोरच्या दगडावर ऊन खात बसली होती. माझा आवाज ऐकून तिने मान वळवली. "आलीस व्हय, पोरी? बस. तुजं यंतर लई शानं हाय बग. मला वाटलं, वाटा गेला. पर त्ये काय इसरलं न्हाई. रोज मला माजं देतंय." आणि हसली. दात दोनच होते, पण हसली पूर्ण.

मी थांबायला हवं होतं. त्या वाक्यात सगळं होतं. पण मी टेम्पोतून भांडण तयार करूनच आले होते. मी शीतलसमोर जाऊन उभी राहिले.

"भिमाबाईच्या नावावर चोवीस द्रोण कुणी टाकले?"

शीतलने माझ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. मग हळूच मान हलवली, की नको, आत्ता नको. मला ती लपवालपवी वाटली.

"मी काय विचारतेय? तिला दिसत नाही, वाचता येत नाही, म्हणून तिच्या नावावर आपला माल खपवायचा? लाज नाही वाटत?"

"ताई, मागनं सांगते," शीतल खालच्या आवाजात म्हणाली. "खाली चला वाईच."

"सगळ्यांसमोर सांग. तिचं खातं बंद पडलंय तुमच्यामुळे."

द्रोण भरणारे हात थांबले. मग दगडाकडून आवाज आला. "माज्या नावावर? म्या तर येक करवंद तोडलं न्हाई." आणि थोडं थांबून, "शीतल, तू तर म्हनालतीस यंतर देतंय."

शीतलने हातातला द्रोण खाली ठेवला. "यंतर काय देतंय, आत्या? आमीच टाकतोय. सा जनी हाव, परत्येकीचं पयलं येक-दोन तुमच्या नावावर. काल मागनी लई व्हती, मंग चार-चार टाकलं." मग ती माझ्याकडे वळली. "तुमीच म्हनलासा, ताई, एकवीस दिस माल न्हाई आला तर नाव जातंय. मंग काय करायचं आमी?"

त्या पहिल्या द्रोणात सगळ्या जणी वेचून वेचून चांगलं टाकत होत्या. म्हणून ते तारे.

भिमाबाई काठी चाचपत उठली. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "वाटा व्हता तवर माजा व्हता," ती म्हणाली. "ही भीक झाली. उद्यापासनं माज्या नावाचं काय नगं." आणि खोपटात गेली. मी तिथेच उभी राहिले. मला रडू येत होतं आणि कुणासमोर रडायचा मला अधिकार नव्हता. एकनाथने हॉर्न वाजवला तेव्हा मी जाऊन टेम्पोत बसले. घाटाच्या खाली आल्यावर तो म्हणाला, "म्याडम, म्हातारी मानी हाय."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर: भिमाबाई, शून्य. मंगळवारी शून्य. एकवीस दिवसांचा नियम मी काढून टाकला, वीस द्रोणांचाही काढला, दोन ओळी तर होत्या. पण त्याने काय होणार होतं? नाव राहिलं, पुढचं शून्यही राहिलं. गुरुवारी मी शीतलला फोन लावला आणि माफी मागितली. माफी मागणं मला जमत नाही, शब्द दगडासारखे येतात. शीतलने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चुलीपाशी बसून हाय ती. आमी भाकर देतोय तर म्हनती, मी काय काम केलं? दोन दिस च्यावर हाय."

"काय करू, शीतल?"

"त्ये मला काय ठावं? पर येक सांगते. तुमी त्या कच्च्या करवंदावरनं समदं बदललंसा न्हवं? त्या दिशी आत्या तापानं पडली व्हती. वाटं मी घातलं व्हतं. मला न्हाई येत. तिच्या बोटाला कच्चं लागलं की ती मागं फेकती. डोळं असून न्हाई जमत आमाला."

मी तारीख काढून पाहिली. महिनाभर रोज माल गेला, एक तक्रार आली, आणि ती त्याच दिवशीची.

मनीष गावाहून आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, काहीही न वगळता. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, डिसेंबरचं पान उलटून माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "यात भिमाबाई कुठे आहे?"

देणारे? ती काही तोडत नव्हती. घेणारे नव्हे, नेणारा नव्हे. जिच्या हातावर अख्ख्या बाजाराचा विश्वास उभा होता तिला आमच्या आराखड्यात जागाच नव्हती. म्हणून मी तिला देणाऱ्यांत कोंबलं होतं आणि मग तिचं शून्य मोजत बसले होते. मी निळं पेन घेतलं आणि खाली चौथी चौकट काढली. वाटे घालणारी. सगळा माल तिच्याकडे जाणार, तिच्याकडून पुढे जाणार. नावं, चिठ्ठ्या, तारे, सगळ्यावर काट. खातं एकच, वाडीचं. मालाचे पूर्वीसारखे सात वाटे, त्यातला एक वाटे घालणारीचा, तिच्या कामाचा.

"तो कोथरूडचा माणूस जाईल," मनीष म्हणाला. आमच्या बाजारात भांडवल घालायला एकजण तयार झाला होता आणि त्याला आवडले होते ते तारेच. नावानिशी विक्रेते आणि त्यांचे तारे, असंच त्याला हवं होतं.

"जाऊ दे."

तो गेला. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत आमचा बाजार बंद पडला त्याचं एक कारण तेही होतं. मनीष पुढे बंगळुरूला गेला. पण ते नंतरचं. त्या क्षणी मनीषने पेन घेतलं, माझी तिरकी चौकट सरळ करायला गेला, आणि थांबला. "राहू दे," म्हणाला. "ही तुझीच दिसू दे."

नवी रचना चालू झाली त्या दुपारी आम्ही दोघं वर गेलो. मोसम संपत आला होता, जाळ्यांत शेवटची काळी करवंदं राहिली होती. मी बायकांना सांगितलं, आता नावं नाहीत, पुन्हा लुगडं पसरा. खोपटाचं दार उघडं होतं. आत चुलीपाशी भिमाबाईची पाठ दिसत होती. मी दारात जाऊन म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. तुमचं काम मी मोजलंच नव्हतं. आता यंत्रात ते पहिल्याप्रथम लिहिलंय. वाटे तुम्हीच घालायचे."

पाठ हलली नाही. मी परत फिरले.

शेवटी शीतल लुगड्यापाशी बसली आणि वाटे घालायला लागली. तिला खरंच येत नव्हतं. एक वाटा डोंगराएवढा, एक चिमूटभर. एक जण म्हणाली, ह्यो बारका माजा व्हय? दुसरी म्हणाली, मोटा तू घे की मंग. शीतलने मोडून पुन्हा घातले, ते आणखी बिघडले. कच्ची पक्की एकात एक. आवाज चढले. मनीष माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे.

"सरका."

भिमाबाई काठी टेकत लुगड्याच्या कडेला उभी होती. "हे वाटं हायेत व्हय? ढोरापुढं टाकल्यावानी." ती खाली बसली, दोन्ही हातांनी सगळे ढीग एकत्र केले आणि बोटं चालू झाली. कच्चं लागलं की मागे. दबलेलं लागलं की मागे. बोटं थांबत नव्हती. एकामागून एक वाटे पडत गेले, सगळे सारखे.

सात झाले. तिने हात थांबवला, विचार केला, प्रत्येक वाट्यातून मूठमूठ उचलली आणि आठवा घातला.

मला वाटलं, दिसत नाही म्हणून चुकली. मी हळूच म्हटलं, "मावशी, आठ झाले."

"मोजता येतंय मला. त्यो तुजा."

"माझा? मी कुठे काय तोडलंय?"

"म्या तरी कुटं तोडलंय?"

बायका आपापले वाटे उचलत होत्या. सहा उचलले गेले. लुगड्यावर दोन राहिले. भिमाबाई हात मांडीवर ठेवून बसली होती. "उचल की," ती म्हणाली. "शेवटचा माजा असतोय. तू घेतल्याबिगर मला कसा घेता यील?"

मी ओढणी पसरली आणि माझा वाटा त्यात घेतला. मग तिने लुगड्यावर हात फिरवला, उरलेला तिचा वाटा बोटांना लागला, आणि तो तिने ओटीत भरून घेतला.

त्या दिवशी भुकूमला चार द्रोण कमी गेले. हेमलताबाईंनी तक्रार केली.